बाहेरून कुलूप

गुरुवार, १२ मार्च
दुकानातून, दुपारचे तीन

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझा गुडघा काय म्हणतो, जिने चढवतात का आता, वगैरे वगैरे. शहाण्या माणसासारखी सुरुवात करायची असं घोकून बसलो होतो, पण मला दम निघत नाही. ताई, जिंकलो! भिंगरी घरी येते आहे. परवा, शनिवारी, सकाळी दहा वाजता. कायमची.

काल कौटुंबिक न्यायालयाने आदेश दिला. मुलीचा ताबा वडिलांकडे परत. पुढचे सहा महिने बालकल्याणच्या अधिकारीबाई न सांगता घरी येऊन पाहणी करणार अशी अट आहे, पण येऊ देत की! रोज येऊ देत, चहा पाजीन. चौदा महिने माझी लेक बालगृहात तीस मुलींच्या रांगेत झोपली आणि मी घरी तिच्या रिकाम्या पलंगाकडे पाठ करून झोपलो. ते आता संपलं.

आदेश ऐकून बाहेर पडलो. कसाबसा जिन्यापर्यंत आलो, पायरीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. वर बघतो तर कोर्टाचा शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन उभा. म्हणाला, "हरलात का?" म्हटलं, "जिंकलो." तर म्हणतो, "मग जिना सोडा, लोकांना जायचंय." असा हसलो म्हणून सांगू! रडता रडता ठसका लागला. आज सकाळपासून जे गिऱ्हाईक येतं त्याला हे सांगतोय. मघाशी एक बाई पेटीच्या किल्लीसाठी आल्या होत्या, त्या सगळं ऐकून पेढा खाल्ल्यासारख्या गोड हसल्या आणि किल्ली न घेताच निघून गेल्या. परत येतील.

माझं अक्षर बघून तुझा हात लाल पेनाकडे गेला असेल. तीस वर्षं मास्तरीण होतीस, सवय जाणार कुठे. पण या पत्रात चुका शोधायच्या असतील तर थोडी थांब. मीच दाखवणार आहे, त्यासाठीच लिहायला बसलोय. फक्त आधी कोर्टाचं सांगतो, कारण ते सांगायला मजा येते आणि दुसरं सांगायला येत नाही.

पहिल्या तारखेचं तुला माहीत नाही. तू तुझा जबाब लिहून दिलास आणि त्याच दिवशी बसने परत गेलीस. आमच्या वकीलसाहेबांनी मला बाहेरच्या बाकावर पढवलं, "एकच वाक्य बोलायचं. मुलीला घरात कोंडणं फक्त त्या दिवशी झालं." मी आत गेलो आणि तोंड वर करून म्हणालो, "एकदाच झालं बाई, नाइलाज होता."

खरं काय ते तुला ठाऊक आहे. भिंगरीची आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची. तू म्हणाली होतीस, काही दिवस माझ्याकडे ठेव. मी म्हणालो, मी मेलोय का? पाच वर्षांची होईपर्यंत तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी सांभाळली. मग मला त्यांचेही उपकार नकोसे झाले. तेव्हापासून रोज, ताई, रोज, एक वाजता तिला शाळेतून आणायचो, जेवू घालायचो आणि दोन वाजता बाहेरून कुलूप लावून दुकानात यायचो. संध्याकाळी सातला उघडायचो. दोन वर्षं हेच चाललं होतं.

आणि मला वाटायचं, मी तिला जगातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलंय! आमच्या कुलपांच्या धंद्यात माणूस दिवसभर चोराच्या डोक्याने विचार करतो. कुठून येईल, कशाने उचकटेल, कुठला खिळा ढिला आहे. त्या दाराला मी दोन्ही बाजूंनी लोखंडी पत्रा मारला होता, तीन कुलपं बसवली होती आणि वरचं मोठं तर मी स्वतः घडवलेलं. शहरातला कुठलाच कारागीर ते किल्लीशिवाय उघडू शकत नाही, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो.

अधिकारीबाई पहिल्यांदा घर बघायला आल्या तेव्हाही मी तेच केलं. तुझा भाऊ किती मोठा ठोंब्या आहे ते बघ. त्या आल्या मुलीच्या काळजीने, आणि मी त्यांना अर्धा तास कुलपं दाखवली. हे बघा बाई, ही खिटी. हा पत्रा किती जाड आहे ते बघा. इथे चोर काय, मुंगी शिरणार नाही. त्या बिचाऱ्या मान डोलावत होत्या. मला वाटलं, झालं, बाईंवर छाप पडली. वकीलसाहेबांना सांगितलंसुद्धा की अहवाल आपल्या बाजूने येणार.

अहवालातली दोन वाक्यं मला आता पाठ आहेत. "वडिलांचे मुलीवर प्रेम आहे व तिच्या सुरक्षिततेची त्यांना तळमळ आहे. परंतु धोका केवळ बाहेरून येतो अशी त्यांची समजूत असून, तो आतही असू शकतो हे त्यांना उमगलेले नाही." त्याखाली शिंपीणबाईंचं म्हणणं, शाळेतल्या बाईंचं म्हणणं. दोघींनी सांगितलं होतं की हे रोजचं आहे. म्हणजे माझं 'एकदाच' तिथेच उघडं पडलं.

न्यायाधीशबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही चांगले आहात की वाईट, हे ठरवायला मी इथे बसलेली नाही. मला एवढंच सांगा. उद्या दुपारी दोन वाजता मुलगी कुठे असेल? तिच्याजवळ कोण असेल? आणि काही झालं तर ती बाहेर कशी पडेल?"

तीन साधे प्रश्न, आणि मी पुन्हा कुलपांचंच सांगायला लागलो. भिंगरी बालगृहातच राहिली. तू तिच्यासाठी अर्ज केला होतास, तोही त्याच सुमारास फेटाळला गेला. त्याबद्दल नंतर लिहितो.

पहिले पाच महिने मी नुसता जळत होतो. कोर्टावर, अधिकारीबाईंवर, शिंपीणबाईंवर आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर. तक्रारीवर तुझी सही होती ना. सख्ख्या बहिणीची! येईल त्याला सांगायचो की घरभेदी घरातच निघाली. वकीलसाहेबांनी तुझ्या जबाबाची प्रत दिली होती, ती न वाचता गल्ल्याखाली कोंबून ठेवली.

दर शनिवारी दोन तास भेट मिळायची. बालगृहातली एक लहानशी खोली, दोन खुर्च्या, एक सतरंजी, आणि कोपऱ्यात विणकाम करत बसलेल्या मावशी. भिंगरी यायची, माझ्या मांडीवर बसायची, पण बसण्याआधी एक काम करायची. पायातली चप्पल काढून दाराच्या फटीत ठेवायची. दर वेळी. मला वाटलं खेळ असेल काहीतरी पोरींचा. एकदा वारा सुटला होता, दार सारखं आपटत होतं, म्हणून मी उठून चप्पल बाजूला केली आणि दार लावलं. ताई, पोरगी उडाली. मांडीवरचं पुस्तक फेकून दाराकडे धावली, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावरच उभी राहिली, घामाने भिजलेली. मावशी सुया न थांबवता म्हणाल्या, "ती सगळीकडेच असं करते. वर्गात, जेवणघरात, न्हाणीघरात. बंद दार चालत नाही तिला."

मी घरी आलो. माझं ते दार लावून घेतलं आणि आत जमिनीवर बसलो. तिच्या उंचीचा होऊन. तीन कुलपं, जाड पत्रा, आणि आतून हात घालायला साधी कडीसुद्धा नाही. मी कधी तिच्या बाजूने ते दार बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गल्ल्याखालून तुझा जबाब काढून वाचला.

शिंपीणबाई आल्यात, त्यांच्या मशीनच्या पेटीचं कुलूप अडकलंय. थांब जरा.

(सव्वाचार.) निघाल्या. दहा मिनिटांचं काम, पण शनिवारी भिंगरीसाठी काय काय करायचं ते ठरवण्यात अर्धा तास गेला. त्या आता पुन्हा तिची आजी झाल्यात.

तर तुझा जबाब. आपण दोघं तो दिवस कधी बोललोच नाही, म्हणून एकदा लिहून टाकतो.

तू न कळवता आली होतीस, पिवळा स्वेटर घेऊन. दाराला कुलूप बघून परत फिरणार होतीस, तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. भिंगरीला भूक लागली होती, तिने स्टुलावर चढून दूध तापत ठेवलं, शेगडीजवळचं फडकं पेटलं. पोरगी हुशार, तिने बादलीभर पाणी ओतलं, पण धूर खोलीभर झाला होता आणि खिडक्यांना मी जाळ्या ठोकलेल्या. तू हाका मारल्यास. शेजारी हातोडे घेऊन आले, पत्र्यावर मारून दमले. कुणीतरी मला बोलवायला दुकानाकडे धावलं. आणि तू तुझ्या दुखऱ्या गुडघ्यानिशी जमिनीवर आडवी झालीस, दाराखालच्या फटीतून चार बोटं आत सरकवलीस आणि म्हणालीस, "तोंड इथे आण, फटीपाशी. इथे हवा आहे. आणि माझी बोटं सोडू नकोस." वीस मिनिटं तू तिला पाढे म्हणायला लावलेस. बेचे, तिनाचे, चाराचे.

हे सगळं जबाबात होतं. पुढचंही होतं, की मी धावत आलो, माझ्या जुडग्यात तीस किल्ल्या आणि मला माझ्याच घराची सापडेना, आणि शेवटी तू जुडगा हिसकावून घेतलास. इस्पितळात डॉक्टरांनी विचारल्यावर तू खरं सांगितलंस आणि कागदावर सही केलीस, तेही होतं. एकेक शब्द खरा. मी वाचत गेलो आणि एका वाक्याची वाट बघत होतो. ते आलंच नाही. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नव्हतं.

मी जिन्यावरून वर आलो तेव्हा कोपऱ्यावरचा गवंडी पहार उचलून वरच्या कुलपावर घालणार होता. आणि मी ओरडलो, "हात लावू नका, कुलूप बिघडेल!"

माझी मुलगी आत गुदमरत होती आणि माझ्या तोंडून पहिलं हे निघालं. तू तिथेच जमिनीवर होतीस. मान वळवून बघितलंस माझ्याकडे. ऐकलं होतंस तू. ते एक वाक्य लिहिलं असतंस तर माझी केस त्याच दिवशी संपली असती. तू लिहिलं नाहीस. तक्रार करायची तेवढी केलीस, पोरीला बाहेर काढण्यापुरती, आणि भावाची लाज झाकलीस.

त्या दिवशी मी वकीलसाहेबांकडे जाऊन सांगितलं की पुढच्या तारखेला मी सगळं खरं बोलणार. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "मग मला कशाला घेतलंत?" म्हटलं, "सोबतीला या."

आणि मी बोललो. दोन वर्षं रोज कुलूप लावत होतो. पहिल्या दिवशी खोटं बोललो. पहार उचललेल्या गवंड्याला काय म्हणालो तेही सांगितलं. टंकलेखन करणाऱ्या मुलीचे हात थांबले. मला वाटलं, संपलं. आता मुलगी कायमची गेली. आणि ताई, तिथूनच केस फिरली! न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आता आपल्याला काम सुरू करता येईल." मला तेव्हा कळलं की त्या इतके महिने कशाची वाट बघत होत्या. मला काय झालं होतं तेच दिसत नव्हतं, तर ते पुन्हा होणार नाही याची खात्री त्यांनी कशाच्या जोरावर धरायची?

मग कामच काम. पालकांचा वर्ग बारा आठवडे, त्यात मी एकटा बाप्या. पहिल्या दिवशी सगळ्या बाया माझ्याकडे असं बघत होत्या की जणू मी पंखा दुरुस्त करायला आलोय. शेवटच्या आठवड्यापर्यंत चौघींच्या कपाटांची कुलपं नीट करून दिली होती. दुकानाची वेळ बदलली, सकाळी सात ते दुपारी साडेचार. शिंपीणबाईंपुढे जाऊन दोन्ही हात जोडले. त्या म्हणाल्या, "अडीच वर्षं वाट बघतेय मेल्या, कधी विचारशील म्हणून." खिडक्यांच्या जाळ्यांना बिजागऱ्या लावल्या, आता त्या आतून ढकलल्या की उघडतात. आणि ते दार उतरवलं. पत्रा काढला, तिन्ही कुलपं काढली. नवीन दाराला असं कुलूप बनवलंय की बाहेरून किल्ली लागते, पण आतून नुसता दांडा खाली दाबला की झालं. किल्ली नको, ताकद नको. दांडा बसवायच्या आधी बालगृहात जाऊन मावशींच्या टेपने भिंगरीची उंची मोजून आणली. तिच्या छातीशी येतो.

अधिकारीबाई पुन्हा आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, "आज काय दाखवणार?" म्हटलं, "दार कसं उघडतं ते." त्यांनी डोळे मिटून, खाली बसून, डाव्या हाताने, सगळ्या प्रकारांनी उघडून बघितलं. मग स्वतःशीच हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला विचारायचा धीर झाला नाही.

काल शेवटची सुनावणी. न्यायाधीशबाईंनी आधी भिंगरीला आपल्या खोलीत बोलावलं, एकटीला. शिपायाने नंतर सांगितलं की आत जाताना पोरीने चप्पल काढून दारात ठेवली आणि बाई म्हणाल्या, "राहू दे, छान वारा येतो." मग आम्ही सगळे आत. त्यांनी तेच विचारलं. उद्या दुपारी दोन वाजता मुलगी कुठे असेल?

"तळमजल्यावर, शिंपीणबाईंच्या मशीनशेजारी. त्या इथे बसल्यात, सही करून दिली आहे. साडेचारला मी दुकान बंद करतो, पाच वाजायच्या आत तिच्याजवळ."

"आणि काही झालं तर ती बाहेर कशी पडेल?"

ताई, कित्येक महिने मी या वाक्याची तालीम केली होती. म्हणालो, "ती स्वतः दार उघडेल, बाई."

त्यांनी अजून एक विचारलं. पण आता साडेचार झालेत की, मघाशीच झाले! दुकान बंद करायची वेळ टळली, माझा नियम मीच मोडला. उरलेलं नंतर.


रविवार, १५ मार्च
घरून, सकाळी

ताई, आली!

काल बरोबर दहा वाजता. अंगात तोच पिवळा स्वेटर, बाह्या आता कोपराच्या जरा खाली संपतात. मावशींनी सांगितलं, चौदा महिन्यांत धुवायला टाकण्यापुरताच अंगावेगळा केला. जिना चढताना माझं बोट धरलेलं, पण दारापाशी आल्यावर सोडलं. मी दार उघडून बाहेरच थांबलो. म्हटलं, तू आत जा, दार लाव किंवा लावू नकोस, तुझं तू ठरव.

आत गेली. दांड्याकडे बघितलं. दार ओढून घेतलं. मी बाहेर जिन्यावर, शिंपीणबाई माझ्यामागे. आतून काहीच आवाज नाही. मी मनात पाढे म्हणायला लागलो, खरंच सांगतो. तिनाच्या पाढ्यात असताना दांडा खाली गेला आणि दार उघडलं. ती आमच्याकडे बघते, आम्ही तिच्याकडे. पुन्हा बंद. पुन्हा उघडलं. मग जी सुटली! उघड, बंद, उघड, बंद. बावीस वेळा, शिंपीणबाईंनी मोजलं. तेविसाव्या वेळी म्हणाली, "बाबा, भूक लागली." दोन्ही चपला पायातच होत्या. दारात एकही ठेवली नव्हती. मी शिंपीणबाईंच्या गळ्यात पडलो आणि त्या मला ढकलत म्हणाल्या, "सोड रे, टाचण्या टोचतील."

आत्ता ती खिडकीत बसून ब्रेडचा तुकडा कावळ्याला देतेय आणि कावळ्याशी भांडतेय. घर असं भरलंय की मला बसायला जागा नाही.

म्हणून आता ते लिहितो. गुरुवारी लिहिताना न्यायाधीशबाईंचा जो प्रश्न टाळला, तो असा होता, "आणि तुम्हालाच काही झालं तर? मुलीचं आणखी कोण आहे?"

मी म्हणालो, "एक बहीण आहे." त्यांनी फाईल उलटली आणि म्हणाल्या, "यांचा अर्ज आपण फेटाळला होता. वडिलांचा लेखी आक्षेप आहे."

होय, ताई. तो आक्षेप माझा. तुला कळवलं होतं की 'सर्व बाबींचा विचार करून' अर्ज नामंजूर. तू समजून बसलीस की तुझं वय, तुझा गुडघा, तू एकटी, म्हणून कोर्टाने तुला नाकारलं. शिंपीणबाईंना तू फोनवर विचारलंस ना, "मी पोर सांभाळायच्या लायकीची नाही का गं?" त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं आणि गप्प बसलो. त्या कागदावर मी लिहून दिलं होतं की ती तापट आहे, मुलीवर हात उगारेल, मुलीला माझ्याविरुद्ध भरवेल. सगळं खोटं. तू आयुष्यात माझ्यावरसुद्धा हात उगारला नाहीस, आणि मी तर त्या लायकीचा होतो. निव्वळ सूड म्हणून लिहिलं. भिंगरी हे चौदा महिने तुझ्या घरी, तुझ्या अंगणात काढू शकली असती. ती तीस पलंगांच्या रांगेत राहिली, ती कोर्टामुळे नाही. माझ्या सहीमुळे.

कुलपाची चूक मला दिसत नव्हती, असं मी म्हणू शकतो. ही चूक मी दिसत असताना केली. आणि आक्षेप मी केव्हाही मागे घेऊ शकत होतो, खरं बोलायला लागल्यावरही. पण तेवढ्यापुरतं तोंड उघडलं नाही. हे सगळं मी बुधवारच्या सुनावणीत उभा राहून सांगितलं. वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशबाईंनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "मुलीने मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची परवानगी दिली आहे. मी तिला विचारलं, सगळ्यात सुरक्षित कधी वाटलं होतं. ती म्हणाली, आत्याने दाराखालून बोटं दिली तेव्हा."

धुराने भरलेल्या खोलीत, ताई. तिथे.

बाईंनी विचारलं, बहिणीचं नाव दुसरी जबाबदार व्यक्ती म्हणून लिहायचं का. मी नको म्हणालो. म्हटलं, तिला न विचारता मी आता तिच्याबद्दल एकही कागद लिहून देणार नाही. तिथे शिंपीणबाईंचं नाव घातलंय, कोर्टाचं काम पूर्ण झालंय. तेव्हा हे पत्र कुठल्या अटीसाठी नाही, कुणाची सही हवी म्हणून नाही. तुझ्यावाचून माझं काही अडलेलं नाही. नुसती तू हवी आहेस.

तू लायक होतीस. आमच्या सगळ्यांत तूच होतीस. तक्रार केलीस म्हणून माझी मुलगी आज कावळ्याशी भांडतेय. हे मी कोर्टात बोललो, दुकानात बोलतोय, आणि इथे लिहून देतोय, सहीनिशी. माफी मागतो. मिळेलच असं नाही, तरी मागतो.

भिंगरी मान वाकवून विचारतेय, कुणाला एवढं लिहिताय. सांगितलं. म्हणते, "आत्याला लिहा, नऊपर्यंतचे पाढे झालेत, पुढचे तिने घ्यायला यायचंय. आणि लिहा, दार मी उघडीन, तुम्ही मध्ये यायचं नाही."

पाकिटात खुळखुळतेय ती किल्ली. आयुष्यभर मी या शहराला किल्ल्यांच्या जोड्या बनवून दिल्या, हजारोंनी. माझ्या घरच्या कुलपांना मात्र एकेकच किल्ली, माझ्या कमरेला. दुसरी कधी कुणाला दिली नाही, म्हणून तू त्या दिवशी बाहेर जमिनीवर पडून होतीस. ही दुसरी. कानस मारून धार गुळगुळीत केली आहे, तुझ्या बोटांना लागणार नाही. भिंगरी आणि मी दोघांनी मिळून तीनदा लावून बघितली, लोण्यासारखी फिरते.

उत्तर लिहू नकोस. ये. कळवू नकोस, तेव्हाही कळवलं नव्हतंस. फक्त या वेळी आत ये.

तुझा आणि तुझाच,
ठोंब्या